नंबरमागचं वजन : मालेगावच्या सुतापासून गळाच्या काठीपर्यंत

मालेगावात सुताच्या पेढीवर गेलेला माणूस आधी नंबर सांगतो, मग भाव विचारतो. "चाळीसचा काय भाव?" एवढ्यात सगळं येतं. साठ म्हटलं की केंब्रिक, वीस म्हटलं की जाडंभरडं, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. १८५७ नंतर आणि पुढच्या दुष्काळांच्या काळात उत्तरेतले मोमीन विणकर मोसम आणि गिरणा नद्यांच्या या गावात येऊन वसले. आधी हातमाग होते, १९३० च्या दशकापासून यंत्रमाग आले. नऊवारी रंगीत साड्या गेल्या आणि त्यांची जागा ग्रे, म्हणजे न धुतलेल्या-न रंगवलेल्या, कापडाने घेतली. या सगळ्या उलथापालथीत सुताचा नंबर मात्र तोच राहिला. त्या नंबरमागे नक्की काय मोजलेलं असतं आणि जगात सूत मोजायच्या इतर ज्या रीती आहेत त्या त्याच्यापुढे कितपत टिकतात, हे पाहण्यासारखं आहे.

नंबर इंग्लंडमधल्या लँकेशायरचा. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील, तितक्या नंबरचं सूत. म्हणून नंबर चढला की सूत बारीक होतं. ८४० हा आकडा वरवर विचित्र दिसतो, पण तो हाताने मोजण्याच्या सोयीतून आलेला आहे. दीड यार्ड घेराच्या चक्रावर ८० फेरे घेतले की १२० यार्ड होतात; ती एक ली. सात लींची एक लड. पौंडाचे ग्रेन ७,०००. त्यामुळे एका लीचं वजन ग्रेनमध्ये घेऊन त्याने १,००० ला भागलं की नंबर हातात येतो. ज्याने ही मांडणी केली त्याला सुताच्या बाजारात उभ्या राहणाऱ्या माणसाची काळजी होती, असं मला नेहमी वाटतं. हातमागवाल्याला तर काट्याचीही गरज नव्हती. दहा पौंडी गठ्ठ्यात ४० नंबरच्या चारशे लडी असायला हव्यात. लडी मोजल्या की झालं.

आज काटा ग्रॅमचा आहे, रीत तीच आहे. कोनावरून १२० यार्ड सूत चक्रावर घ्यायचं, ती ली उतरवून काट्यावर ठेवायची आणि ६४.८ ला त्या वजनाने भागायचं. १.६२ ग्रॅम भरलं तर ४० नंबर. १.७१ ग्रॅम भरलं तर सूत ३८ च्याही खाली गेलं. फरक नऊ शतांश ग्रॅमचा, चिमटीत जाणवणारही नाही. पण यंत्रमागवाला सूत किलोवर घेतो आणि कापड मीटरवर देतो. तेवढ्याच मीटरला त्याला शंभर किलोमागे साडेपाच किलो सूत जास्त लागतं, आणि ते त्याच्या खिशातून जातं. मजुरीवर कापड विणून देणाऱ्याचं नफ्याचं अंतर एवढं चिंचोळं असतं की ते या साडेपाच किलोंतच संपू शकतं. म्हणून लीचं चक्र आणि काटा या दोन वस्तू मला कारखान्यातल्या कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा मोलाच्या वाटतात.

वजन आलं की हवाही आली. कापसाचा धागा हवेतला ओलावा धरतो. प्रमाण म्हणून कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा गृहीत धरतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तो पाच टक्क्यांवर आला, तर तेच ४० नंबरचं सूत काट्यावर ४१ च्या पुढे दिसेल. पावसाळ्यात उलटं घडतं. पॉलिएस्टर जवळपास ओलावा धरतच नाही, त्यामुळे मिश्र सुतात हा हिशेब आणखी वेगळा होतो. नंबरवरून होणारी कितीतरी भांडणं खरं तर ओलाव्याची असतात. माझ्या मते, परीक्षण कोणत्या ओलाव्यावर झालं हे न सांगता दिलेला नंबर अर्धाच असतो.

साईजिंगमध्ये आणखी एक भर पडते. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला कांजी चढवल्याशिवाय ते लूमवर टिकत नाही. कांजीने वजनात अकरा टक्के वाढ झाली, तर चाळीसचा धागा वजनाने छत्तीससारखा भरतो. धागा तोच असतो, अंगावरची कांजी वाढलेली असते. ग्रे कापडाचं मीटरवजन बघून सुताचा नंबर ठरवू पाहणारा इथेच फसतो. कांजी धुऊन काढल्याखेरीज ताण्याचा खरा नंबर कळत नाही.

नंबरवरून जाडी काढायची सोय मात्र चांगली आहे. मँचेस्टरच्या शर्ली संस्थेतल्या एफ. टी. पीअर्स या शास्त्रज्ञाने १९३७ साली कापडाच्या भूमितीवरचा आपला गाजलेला निबंध छापला. त्यातून आलेला ठोकताळा असा : नंबरचं वर्गमूळ काढून २८ ने गुणलं की एका इंचात किती धागे अंगाला अंग लावून बसतील ते कळतं. चाळीससाठी हा आकडा १७७ येतो, साठसाठी २१७. केंब्रिकचा ठरलेला माल साठ बाय साठ, इंचात ९२ उभे आणि ८८ आडवे. म्हणजे उभ्या धाग्यांनी इंचाचा जेमतेम ४२ टक्के भाग झाकला, आणि आडव्या धाग्यांनी झाकूनही उरलेल्या जागेत हवा खेळते. उन्हाळ्यात केंब्रिक अंगाला का बरं वाटतं, त्याचा हिशेब हा.

धाग्याला धागा लावून गुंडाळण्याचा हाच प्रश्न गळाने मासे पकडणाऱ्या हौशी मंडळींपुढे असतो. ग्रॅफाइटची किंवा फायबरची काठी विकत घेऊन ती आपल्या हाताने बांधणारे लोक जगभर आहेत. दोर ज्यातून जातो त्या कड्या काठीवर ठेवून त्यांचे पाय धाग्याने आवळतात, फेऱ्याला फेरा चिकटवून, मध्ये फट न ठेवता. वर इपॉक्सी चढवतात. या धाग्याचे आकार अक्षरांत असतात. हलक्या काठीला ए, समुद्रावरच्या दणकट काठीला डी किंवा ई. जुन्या रेशमी धाग्यांत ए पेक्षा बारीक शून्यशून्य हाही आकार होता. ए म्हणजे किती लांबीला किती वजन, हे अक्षर सांगत नाही. एका कारखान्याचा ए दुसऱ्याच्या ए पेक्षा जाड निघू शकतो. बांधणाऱ्याने मधेच धागा बदलला की नक्षी बिघडते आणि इपॉक्सीही कमी-जास्त बसतं.

गळाला आमिष म्हणून कृत्रिम माशी बांधणाऱ्यांचा धागा तर आणखी गोंधळाचा आहे. तिथे शून्यं मोजतात. शून्यं जितकी जास्त, तितका धागा बारीक. पण डेनियर या वजनी मापाने डॅनव्हिल कंपनीचा सहा शून्यांचा धागा साधारण ७० चा आणि युनी कंपनीचा आठ शून्यांचा ७२ चा. नावात दोन शून्यांचं अंतर, वजनात जवळजवळ काहीच नाही. म्हणून काही उत्पादकांनी शून्यं सोडून रिळावर सरळ डेनियर छापायला सुरुवात केली. हे पाऊल मला फार योग्य वाटतं.

डेनियर मालेगावलाही परका नाही. रोटोचं, म्हणजे फुगवलेल्या पॉलिएस्टर धाग्याचं, कापड विणणारे लूम वाढले, तसा सुतावर वाढलेल्या माणसाला उलटा हिशेब शिकावा लागला. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. इथे आकडा चढला की धागा जाड. जोडायला एकच आकडा पाठ हवा : ५,३१५ ला डेनियरने भागा, सुती नंबर मिळतो. ८० डेनियर म्हणजे ६६ नंबरच्या आसपास, १५० म्हणजे ३५ च्या. तरी सुती आणि रोटो धाग्याचं वजन एक असलं म्हणून जाडी एक नसते. पॉलिएस्टर कापसापेक्षा हलकं, शिवाय रोटोचा धागा फुगवलेला. लूमवर बसणाऱ्याला हे आकड्यांपेक्षा आधी बोटांनी कळतं.

इथून दक्षिणेला येवल्यात पैठणीचं रेशीमही डेनियरवरच चालतं, पण आकडा जोडीने येतो : २०/२२. कोशातून निघणारा तंतू सगळीकडे सारखा नसतो. वीस ते बावीसच्या दरम्यान, असं उघड सांगून ते रेशीम विकलं जातं. निसर्गाच्या मालाला हा असा आकडा शोभतो. वर्ध्याकडच्या खादीत विनोबांच्या सूतांजलीची गुंडी ६४० तारांची, तार चार फुटांची. गुणाकार केला की ८५३ यार्ड येतात, लँकेशायरच्या लडीपासून हाकेच्या अंतरावर. कोकण किनाऱ्यावरच्या नायलॉनच्या जाळ्यांचा धागा २१०/२/३ असा सांगतात : २१० डेनियरचे दोन धागे एका पेडात, असे तीन पेड. इतकं सांगून जाणारं लेबल क्वचित दिसतं. शिंप्याच्या पॉलिएस्टर रिळावरचा १२० मात्र ना नंबर असतो ना डेनियर. तो तिकीट नंबर. ३,००० ला त्याने भागलं की २५ टेक्स मिळतात.

टेक्स म्हणजे हजार मीटरचं ग्रॅममधलं वजन, बस्स. या सर्व मापांना एकत्र आणावं म्हणून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९५० च्या दशकात ते पुढे केलं. त्याच दशकात, १९५६ साली, भारताने वजन-मापांचा मेट्रिक कायदा केला. भाजी किलोवर गेली, कापड मीटरवर गेलं, सुताचा नंबर मात्र पौंड आणि यार्डांतच राहिला. सरकारचे नियमसुद्धा जुन्या नंबरवरच उभे आहेत. गिरण्यांनी ठरावीक सूत हातमागासाठी लडीच्या रूपात बांधायचं, हे बंधन १९७४ पासूनचं. २०१९ मध्ये त्याचं प्रमाण ४० वरून ३० टक्क्यांवर आणलं, आणि त्यातला मोठा भाग ठरावीक नंबर व त्याखालचा हवा, ही अट कायम राहिली. हातमागवाल्याच्या हक्काची रेषा नंबरवर ओढलेली आहे. ती रेषा टेक्समध्ये सांगितली, तर अर्ध्या विणकरांना ती दिसणारच नाही.

म्हणून जुना नंबर मोडून काढावा, या मताचा मी नाही. तो अवघड असला तरी त्याच्यामागे लांबी आहे, वजन आहे, आणि चक्र-काटा असलेला कोणीही तो तपासू शकतो. अक्षरं आणि शून्यं हे करू देत नाहीत, म्हणून ती कमी दर्जाची. पण आता एकाच कापडात कापूस, रोटो आणि मिश्र सूत येतं, आणि तेव्हा तिन्हींना एका काट्यावर आणणारं माप टेक्सच आहे. गिरणीवाल्यांना आणि पेढीवाल्यांना माझी विनंती आहे : गोणीवर नंबरशेजारी टेक्स छापा, आणि खाली परीक्षण कोणत्या ओलाव्यावर झालं तेही. लूमवाल्यांनो, गोणी उतरवून घेताना एका कोनाची ली काढून काट्यावर ठेवा. ४० नंबरला १.६२ ग्रॅम भरलं पाहिजे.