हवेवर तोललेली इम्पाला

शेवरलेची इम्पाला १९५८ साली पहिल्यांदा बाजारात आली. त्याच वर्षी शेवरलेने लोखंडी स्प्रिंगांच्या जागी हवेचे फुगे बसवून देण्याची सोय जास्तीच्या पैशांत ठेवली होती. तिचं नाव लेव्हल एअर. आदल्या वर्षी कॅडिलॅकच्या एल्डोराडो ब्रूम या महागड्या गाडीत हीच कल्पना येऊन गेली होती. गाडीत कितीही माणसं बसोत, मागचा भाग खचायचा नाही, हे तिचं मोठं आकर्षण. पण हवेतली ओल आत साचायची, जोड गळायचे आणि सकाळी गाडी खाली बसलेली सापडायची. कित्येक मालकांनी फुगे काढून पुन्हा स्प्रिंगा घालून घेतल्या आणि कंपनीनेही हा पर्याय लवकरच गुंडाळला.

आज त्याच घराण्यातल्या १९६४ च्या इम्पालाखाली अमेरिकेतले हौशी लोक आपल्या गॅरेजात फुगे बसवतात आणि ते वर्षानुवर्षं चालतात. मधल्या काळात रबर सुधारलं, नायलॉनच्या नळ्या आल्या, जोड चांगले झाले, हे खरंच. पण मला त्याहून मोठा फरक डॅशबोर्डखाली लावलेल्या तीन छोट्या गेजमध्ये दिसतो. खाली काय चाललंय हे आता मालकाला बसल्या जागी कळतं.

इम्पाला आणि जमिनीलगत चालणारी गाडी यांचं नातं कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांनी जोडलं. ईस्ट लॉस एंजेलिसच्या व्हिटियर बुलेव्हार्डवर संध्याकाळी सावकाश गाडी फिरवायची, तिचा रंग आणि तिची ऐट लोकांना दाखवायची, ही लोरायडरची, म्हणजे अशी गाडी बाळगणाऱ्यांची, रीत. पण चाकाच्या रिमपेक्षा खाली गाडीचा कुठलाही भाग येता कामा नये, असा कायदा तिथे होता. त्यावर तोड म्हणून रॉन अगीरे या गाड्यांच्या शौकिनाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या कॉर्व्हेटला विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप लावले. पोलीस दिसला की गाडी वर, तो गेला की खाली. पुढे तेच लोरायडरचं मुख्य तंत्र झालं. जेसी व्हालाडेझ यांची गुलाबांनी रंगवलेली ‘जिप्सी रोझ’ ही १९६४ ची इम्पाला २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर मानाने मांडली गेली. कॅलिफोर्नियाने तो जुना नियम रद्द केला तो १ जानेवारी २०२४ पासून. आपल्याकडे मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांत मनाप्रमाणे बदल करता येत नाही, तेव्हा हे वाचून कुणी लगेच पाना हातात घेऊ नये.

गाडीने उड्या मारायला हव्या असतील तर तेलाला, म्हणजे हायड्रॉलिकला, पर्याय नाही. पण रोज चालवायची गाडी असेल तर हवा कितीतरी सुखाची. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून फुगा स्वतःच स्प्रिंगचं काम करतो. शिवाय वजन वाढल्यावर दाब वाढवला की स्प्रिंगही त्याच प्रमाणात कडक होते. त्यामुळे रिकामी गाडी दणके देत नाही आणि भरलेली हेलकावत नाही. शिवनेरीतून मुंबई-पुणे केलेल्यांनी हे अनुभवलेलं आहे. थांब्यावर गाडीखालून येणारा फुस्स आवाजही त्यांच्या ओळखीचा असेल.

१९६४ ची इम्पाला या कामाला सोयीची, कारण तिला मागे पाटे नाहीत, चारही चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. स्प्रिंग काढायची आणि त्याच खोबणीत फुगा बसवायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण पुढच्या चाकांपाशी एक पेच आहे. मूळ गाडीत शॉक अ‍ॅब्सॉर्बर स्प्रिंगच्या पोटातून जातो. फुग्याला असं पोट नसतं. म्हणून शॉक बाहेर काढून त्याच्यासाठी नवे ब्रॅकेट करावे लागतात. शॉक नसला तरी चालतं, हवाच पुरते, असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये. हवा गाडीला तोलून धरते, पण एकदा सुरू झालेलं झुलणं थांबवणं हे शॉकचंच काम.

खोबणीची कड धारदार असते, ती घासून गोल करावी लागते. मग फुगा पूर्ण रिकामा असताना, पूर्ण भरलेला असताना, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून, प्रत्येक वेळी त्याच्याभोवती बोट फिरेल एवढी जागा आहे ना ते बघायचं. पंक्चर होण्याआधी रबर घासतं, आणि घासतं ते नेमकं नजरेआडच्या बाजूला. गाडी पूर्ण खाली आली की तिचं वजन फुग्यावर नाही, रबरी ठोकळ्यावर टेकलं पाहिजे. मागे आणखी एक गंमत आहे. अ‍ॅक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड एका टोकाला चासीत अडकवलेला असतो, त्यामुळे गाडी खाली येताना अ‍ॅक्सल थोडा एका बाजूला सरकतो. त्या बाजूचा टायर मडगार्डला लागतो, दुसऱ्या बाजूला जागा उरते. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड लावून हा फरक विभागून घ्यावा लागतो.

डिकीत एक किंवा दोन कॉम्प्रेसर आणि सुमारे १९ लिटरची टाकी. दाब १६५ पीएसआयच्या खाली गेला की कॉम्प्रेसर चालू, २०० ला बंद, ही नेहमीची मांडणी. पंपावर आपण गाडीच्या टायरात ३० भरायला सांगतो, त्यावरून अंदाज यावा. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा तापलेली असते, म्हणून पहिली दोन हात नळी जाळीदार धातूची, नायलॉन त्याच्या पुढे. टाकीच्या तळाला पाणी काढायचा नळ हवाच. हवा दाबून थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होते, आणि १९५८ ची फजिती याच पाण्याने केली होती. प्रत्येक फुग्याला भरायचा एक आणि सोडायचा एक, असे आठ व्हॉल्व्ह लागतात. पैसे वाचवायला डावा-उजवा फुगा एकाच नळीवर जोडला, तर वळणावर बाहेरचा दाबला गेलेला फुगा आपली हवा आतल्याकडे ढकलतो आणि गाडी जास्तच कलंडते.

नळी कापायची ती कटरने, काटकोनात. पकडीने चिरडलेलं टोक जोडात बसल्यासारखं वाटतं आणि रात्रभर हवा सोडत राहतं.

आता गेज. तीन गेज पुरतात. एकात पुढचे दोन फुगे, एकात मागचे दोन, दोन्हींत दोन-दोन काटे, आणि तिसऱ्यात टाकी. गेजकडे जाणारी पातळ नळी काढायची ती व्हॉल्व्ह आणि फुगा यांच्या मधून. व्हॉल्व्हच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, टी आकाराचा जोड लावला तर चारही काटे टाकीचाच दाब दाखवत बसतात.

या गेजच्या आत जे आहे ते पॅरिसच्या यूजीन बूरदाँ यांनी १८४९ मध्ये पेटंट केलं. चपटी केलेली, अर्धवर्तुळात वाकवलेली पितळी नळी. आत दाब आला की ती गोल व्हायला बघते आणि जत्रेतल्या फुंकायच्या गुंडाळीसारखी उलगडते. उलगडते म्हणजे टोक जेमतेम काही मिलिमीटर हलतं. ती हालचाल एका दांडीने दातेरी पट्टीला आणि तिथून काट्याच्या चिमुकल्या चाकाला मिळते. वीज नाही, बॅटरी नाही. वाफेच्या इंजिनासाठी निघालेली ही युक्ती आजही तशीच चालते.

इंजिनासाठी वेगळे गेज लावायचे तर माझं मत थोडं वेगळं आहे. हवेची नळी केबिनमध्ये आणायला हरकत नाही, फुटली तर फुसफुसेल. ऑइल प्रेशरची नळी फुटली तर तापलेलं तेल पायांवर येतं, म्हणून तिथे इंजिनावर दाब मोजून विजेने कळवणारा सेंडर आणि केबिनमध्ये फक्त वायर बरी. पेट्रोलच्या गेजला तर जोडीदार नीट बघून द्यावा लागतो. १९६४ च्या इम्पालाच्या टाकीतला सेंडर रिकाम्याला शून्य आणि भरल्याला ३० ओहम दाखवतो. बाजारातले बरेच नवे गेज २४० ला रिकामे आणि ३३ ला भरलेले मानतात. अशी जोडी जुळवली तर टाकी कोरडी पडली तरी काटा ‘फुल’वर.

हवेचा काटा उंची सांगतो, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर तो मुख्यतः वजन सांगतो. एकटा चालक असताना ज्या दाबावर गाडी चालायच्या उंचीला येते, त्याच दाबावर पाच माणसं बसली की ती खाली जाते. म्हणून चालायची उंची आधी टेपने मोजायची, चाकांचं अलाइनमेंट त्याच उंचीवर करून घ्यायचं आणि त्या वेळचे चारही आकडे लिहून ठेवायचे. पुढे इंजिन असल्याने तिथला आकडा मोठा. डाव्या-उजव्यात थोडा फरक चालकाच्या वजनाचा. फरक फार असेल तर काहीतरी अडकतंय किंवा चासी एका कोपऱ्यावर जास्त भार टाकतेय. उंची आपोआप राखणारे सेन्सर आता मिळतात आणि ते चांगले असतात, पण ते बिघाड भरून काढत राहतात, त्यामुळे बिघाड लवकर कळत नाही.

काम पूर्ण झालं की पहिले काही दिवस रात्री गाडी बंद करताना काट्यांचे आकडे टिपायचे आणि सकाळी पुन्हा बघायचे. टाकी उतरली आणि फुगे जागेवर असतील तर कॉम्प्रेसरकडचा उलटी हवा अडवणारा व्हॉल्व्ह किंवा टाकीचे जोड. एकच काटा पडला असेल तर त्या फुग्याची वाट, त्याच्या व्हॉल्व्हपासून गेजच्या मागच्या नळीपर्यंत. फुगा उतरला आणि टाकी किंचित चढली असेल तर हवा बाहेर गेलेलीच नाही, भरायच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून ती मागे टाकीत शिरली आहे. पण हे फक्त टाकीचा दाब फुग्यापेक्षा कमी झालेला असेल तरच घडतं. एवढं समजलं की साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन नेमक्या त्याच जोडापाशी बसायचं.