मशीन बिघडलं नाहीये, काहीतरी सांगतंय

रात्रीचे साडेदहा, सकाळी ऑफिस, मशीनमध्ये ओले कपडे आणि स्क्रीनवर दोनच अक्षरं. अशा वेळी लगेच मेकॅनिकला फोन लावू नका. आधी कोडचा फोटो काढा, कारण मशीन बंद केलं की तो जातो. मग स्विच बंद करून प्लग काढा.

एक गोष्ट लक्षात घ्या. कोड म्हणजे खराब पार्टचं नाव नव्हे. ठरलेल्या वेळात अमुक एक काम झालं नाही, एवढंच मशीन सांगतं. का झालं नाही, ते आपण शोधायचं.

एलजीवर आयई किंवा सॅमसंगवर ४सी आलं, तर पाणी पुरेसं येत नाहीये. नळ पूर्ण उघडा आहे ना? टाकीत पाणी आहे ना? असेल, तर नळ बंद करून मागचा पाइप काढा. तो मशीनला जोडतो तिथे छोटी जाळी असते. तिच्यात गाळ बसतो. जुन्या टूथब्रशने घासा.

एलजीचं ओई, सॅमसंगचं ५सी म्हणजे पाणी बाहेर जात नाहीये. जुन्या सॅमसंगवर ५ई येतं, पण ते एसईसारखं दिसतं, गोंधळू नका. पाइप कुठे दुमडलाय का बघा. फ्रंट लोड असेल तर खाली कोपऱ्यात फिल्टर असतो. पाणी गरम असेल तर गार होऊ द्या, खाली परात ठेवा, मगच हळूहळू फिरवा. नाणी, हेअरपिन, कधीकधी अख्खा मोजासुद्धा निघतो!

यूई आलं तर कपडे एका बाजूला गोळा झालेत. एकटी चादर किंवा एकच जीन्स टाकली की हे होतं. कपडे मोकळे करून पसरा. मशीन डुगडुगत असेल तर पाय समतल करा.

पण जळका वास आला, शॉक बसला किंवा खालून पाणी गळायला लागलं, तर तिथेच थांबा. मागचं झाकण अजिबात उघडायचं नाही. तिथून पुढे मेकॅनिकचं काम.

त्याला बोलावताना "मशीन चालत नाही" असं म्हणू नका. "ओई येतंय, पाइप बघितला, फिल्टर साफ केला" असं सांगा आणि तो फोटो पाठवा. मग त्याने थेट मोठा पार्ट बदलायला सांगितला, तर "का?" असं विचारता येतं. आणि तेवढ्या एका प्रश्नाने बरेच पैसे वाचू शकतात.