विमानाच्या पॉइंटांचा हिसाब : लांबचा प्रवास, वरचा वर्ग आणि भागीदारांची अमानत

सोलापूरचा टॉवेल आणि सोलापूरची चादर परदेशात जाते आणि तिच्या मागोमाग आमचा व्यापारीही जातो. दर जानेवारीत जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे हाइमटेक्सटील हे घरगुती कापडाचे मोठे प्रदर्शन भरते. चीनमधील ग्वांगझू शहरात वर्षातून दोनदा कँटन फेअर असतो. दुबईची फेरी तर निमित्त मिळाले की होतेच. या प्रत्येक प्रवासावर विमान कंपन्या पॉइंट देतात. कोणी त्यांना माइल म्हणतात. पाच-सहा वर्षांत हे पॉइंट साचून इतके होतात की, आईवडिलांना आणि बायकामुलांना घेऊन एकदा लंडन-अमेरिकेला जावे, तेही बिझनेस क्लासने, असा विचार मनात येतो. मुलगी न्यू जर्सीत, मुलगा टोरांटोत, अशी घरे आता सोलापुरातही झाली आहेत. म्हणून हा विषय केवळ श्रीमंतांच्या चैनीचा राहिलेला नाही. पॉइंट कसे मिळतात, त्यांची खरी किंमत किती, कुटुंबासाठी ते कसे वापरावेत आणि मुळात ते कोणाचे, या गोष्टींचा हिसाब आम्ही येथे व्यापाऱ्याच्या नजरेने मांडत आहोत.

पक्क्या गिऱ्हाइकाची सूट

१ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या नेहमीच्या प्रवाशांसाठी पॉइंटांची योजना सुरू केली आणि पाहता पाहता सर्व कंपन्यांनी तिची री ओढली. पक्के गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊ नये म्हणून दुकानदार वर्षाअखेर काही सूट देतो, तोच हा प्रकार. जर्मनीच्या लुफ्तान्साची योजना १९९३ ची, तर एमिरेट्सची २००० सालची आहे. आपल्या एअर इंडियाची योजना बरीच वर्षे फ्लाइंग रिटर्न्स या नावाने चालली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन झाली, तिच्या प्रवाशांचे पॉइंटही तिकडे आले आणि योजनेला महाराजा क्लब हे नाव मिळाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९९७ मध्ये काही मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन स्टार अलायन्स हा गट केला. जुलै २०१४ मध्ये एअर इंडियाही त्यात सामील झाली. लुफ्तान्साही याच गटात आहे. त्यामुळे फ्रँकफर्टला लुफ्तान्साने गेले तरी त्या प्रवासाचे पॉइंट एअर इंडियाच्या खात्यात जमा करता येतात. ब्रिटिश एअरवेज आणि कतार एअरवेज यांचेही तसेच. दोघींचे पॉइंट एव्हिओस या एकाच नावाने चालतात आणि एका खात्यातून दुसऱ्यात नेता येतात. म्हणून पहिला नियम असा की, चार खात्यांत चिल्लर ठेवण्यापेक्षा एका खात्यात रक्कम ठेवावी. पाच हजार पॉइंट चार ठिकाणी असतील तर त्यांतून काहीच निघत नाही.

पूर्वी जितके मैल उडाल तितके पॉइंट मिळत. आता बहुतेक कंपन्या तिकिटाला मोजलेल्या पैशांवर पॉइंट देतात. एअर इंडियानेही २०२४ पासून हीच पद्धत धरली आहे. म्हणजे स्वस्त तिकिटावर पॉइंटही थोडेच. केवळ पॉइंटांसाठी महाग तिकीट काढणे म्हणजे पिशवी फुकट मिळते म्हणून जास्त भावाने माल उचलणे होय.

एका पॉइंटची खरी किंमत

आता मुख्य हिसाब. खालील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, मुंबई-लंडन जाण्या-येण्याचे इकॉनॉमीचे तिकीट ८०,००० रुपयांचे आणि बिझनेस क्लासचे २,४०,००० रुपयांचे आहे. पॉइंटांवर बिझनेसला १,००,००० पॉइंट आणि कर-अधिभार मिळून ५०,००० रुपये रोख लागतात. एजंट सांगेल की, तुमचे १,९०,००० रुपये वाचले, म्हणजे एका पॉइंटला १ रुपया ९० पैसे भाव मिळाला.

हा हिसाब कच्चा आहे. जो माल आपण रोख देऊन कधीच घेतला नसता, त्याचा छापील भाव आपल्या बचतीत धरायचा नसतो. आपण २,४०,००० चे तिकीट काढणारच नव्हतो. काढले असते तर ८०,००० चे. त्यातून ५०,००० वजा केले की खिशात राहिले ३०,००० रुपये, म्हणजे पॉइंटला ३० पैसे. आता समजा, इकॉनॉमीचे तिकीट ५०,००० पॉइंट आणि ३०,००० रुपये करात मिळते. तेथे ५०,००० रुपये खरोखर वाचतात, म्हणजे पॉइंटला १ रुपया पडतो. त्याच एक लाख पॉइंटांत दोन माणसे जाऊन येतात.

मग बिझनेस क्लास कधीच घेऊ नये काय? तसे नाही. आरामाचीही किंमत असते, पण ती आपण ठरवावी, कंपनीने नव्हे. वरील उदाहरणात, पाठ टेकून झोपता यावे यासाठी आपण इकॉनॉमीच्या भाड्यावर ७०,००० रुपयांहून जास्त रोखीने मोजले असते, तरच बिझनेस परवडतो. तिशीतल्या मुलासाठी कोणी हे पैसे मोजणार नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे धरलेल्या आईसाठी, मुंबईहून न्यूयॉर्कच्या पंधरा-सोळा तासांच्या प्रवासात, अनेक घरे मोजतील. पॉइंटांचा उत्तम उपयोग आम्हाला येथेच दिसतो.

कर कोठे लागतो ते पाहावे

पॉइंटांचे तिकीट फुकट असते हा मोठा गैरसमज आहे. कर आणि बहुतेक ठिकाणी इंधन अधिभार रोख भरावा लागतो. त्यातही इंग्लंडहून निघणाऱ्या प्रवाशावर १९९४ पासून हवाई प्रवासी कर आहे आणि इकॉनॉमीपेक्षा वरच्या वर्गाला तो बराच जास्त असतो. सहा माणसे लंडनहून बिझनेसने परतली तर हा बोजा सहापट होतो. उपाय सोपा आहे. जाताना वरचा वर्ग घ्यावा, येताना इकॉनॉमी. बहुतेक योजनांत एका बाजूचे तिकीट वेगळे काढता येते. अमेरिकेचा प्रवास असेल तर जी बाजू रात्रीची व जास्त तासांची, तिलाच पॉइंट लावावेत.

उमराहचा प्रवास वेगळा. मुंबईहून जिद्दा पाच-सहा तासांचे अंतर. तेथे वरच्या वर्गात पॉइंट घालण्यापेक्षा तेवढ्याच पॉइंटांत इकॉनॉमीने घरातील आणखी एक माणूस नेता आला तर ते अधिक चांगले.

सहा माणसे, एक विमान

एका प्रवाशाला पॉइंटांवर जागा मिळणे सोपे. पूर्ण कुटुंबाला एकाच विमानात, तेही वरच्या वर्गात, मिळणे कठीण. प्रत्येक विमानात कंपनी पॉइंटांसाठी मोजक्याच जागा सोडते. यासाठी काही गोष्टी कराव्यात.

पहिली, लवकर पाहणे. बहुतेक कंपन्यांचे आरक्षण प्रवासाच्या सुमारे अकरा महिने आधी उघडते. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, हे आपणा सर्वांना माहीत आहे. तेव्हा पुढच्या वर्षीच्या ईदचा अंदाज आजच काढता येतो. शाळेच्या सुट्टीचेही तसेच. एप्रिल-मेच्या जागा फेब्रुवारीत शोधणाऱ्याला जागा मिळत नाही.

दुसरी, वाटून जाणे. आईवडील आणि त्यांच्याजवळ बसणारा एक जण असे तिघे बिझनेसमध्ये, बाकीचे त्याच विमानात इकॉनॉमीत रोख भाड्याने. वडील आजारी असतील तर त्यांना वरच्या वर्गात एकटे बसवू नये. जवळचे माणूस शेजारी हवे. व्हीलचेअर लागणार असेल तर तसे तिकिटाच्या वेळीच नोंदवावे.

तिसरी, खाते एकत्र करणे. एमिरेट्स, कतार आणि ब्रिटिश एअरवेज यांच्या योजनांत घरच्या माणसांचे पॉइंट एका ठिकाणी जमा करण्याची सोय आहे. मुलांचे थोडे-थोडे पॉइंट त्यामुळे वाया जात नाहीत.

चौथी, जेवण. पॉइंटांच्या तिकिटावरही मुस्लिम मील मागता येते, पण ते आधी नोंदवावे लागते. विमानात बसल्यावर मागून उपयोग नाही. आखाती कंपन्यांत हा प्रश्न येत नाही. युरोपीय कंपन्यांत किमान दोन दिवस आधी नोंद झाल्याची खात्री करावी.

पाचवी, सोलापूरचा टप्पा. २०२५ मध्ये सोलापूरहून गोवा आणि मुंबईसाठी विमाने सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईला वंदे भारत आहेच. अनेक जण हैदराबादहूनही निघतात. मात्र हा टप्पा वेगळ्या तिकिटावर असतो. गाडी किंवा छोटे विमान उशिरा पोहोचले आणि मोठे विमान सुटले तर ती कंपनी जबाबदारी घेत नाही. सोबत म्हातारी माणसे असतील तर एक दिवस आधी पोहोचून मुक्काम करणे शहाणपणाचे.

कार्ड आणि व्याज

उडण्यापेक्षा क्रेडिट कार्डावर पॉइंट लवकर साचतात, असे सांगितले जाते. ते खरे आहे. पण कार्डाची बाकी ठरल्या तारखेला पूर्ण भरली नाही तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागते, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. व्याज आपल्याला हराम आहे आणि येथे तर व्यवहारानेही ते घातक आहे. मुदतीत पूर्ण रक्कम भरणाऱ्याने कार्ड वापरावे की नाही, यावर उलेमांची मते एकसारखी नाहीत. करारनाम्यातच व्याजाची अट असते म्हणून काही जण मनाई करतात. तेव्हा वाचकांनी आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून निर्णय घ्यावा.

दुसरी गोष्ट धंद्याची. सुताचे पेमेंट कार्डाने घ्या म्हटले की व्यापारी दोन टक्के वर मागतो. एक लाखावर २,००० रुपये गेले आणि शंभराला एक या दराने १,००० पॉइंट आले, तर पॉइंट २ रुपयांना पडला. ज्या पॉइंटचा वर आपण जास्तीत जास्त १ रुपया भाव काढला, तो २ रुपयांना विकत घेणे हा कोणता कारोबार?

पॉइंट कोणाचे?

आमच्या मते या विषयातील सर्वात मोठी बाब हीच. सोलापुरात बहुतेक पेढ्या भावाभावांच्या किंवा चुलत भावांच्या भागीदारीत आहेत. तिकिटाचे पैसे पेढीच्या खात्यातून जातात, पण पॉइंट मात्र प्रवास करणाऱ्याच्या नावावर जमा होतात. थोरला भाऊ दरवर्षी फ्रँकफर्टला जातो, धाकटा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग सांभाळतो. पाच वर्षांनी थोरल्याचे कुटुंब बिझनेस क्लासने लंडनला जाते. धाकटा तोंडाने काही बोलत नाही, पण मनात गाठ पडते. पेढ्या मोठ्या तोट्याने जितक्या फुटत नाहीत तितक्या अशा गाठींनी फुटतात.

जर्मनीत २००२ च्या जुलैमध्ये याच कारणावरून मोठी माणसे खाली उतरली. बर्लिन राज्याचे अर्थव्यवहार सांभाळणारे मंत्री ग्रेगोर गिझी यांनी खासदार असताना सरकारी प्रवासावर मिळालेले पॉइंट खाजगी प्रवासाला वापरले होते. त्यांनी राजीनामा दिला. तुर्की वंशाचे नेते जेम ओझदेमिर यांनाही त्याच प्रकरणात आपले पद सोडावे लागले. आपल्या केंद्र सरकारनेही २०१७ च्या प्रवासभत्त्याच्या आदेशात स्पष्ट केले की, सरकारी तिकिटावर मिळालेले पॉइंट सरकारी प्रवासालाच वापरावेत, खाजगी वापर केल्यास खात्यामार्फत कारवाई होईल.

आपल्याला तर हा धडा चौदाशे वर्षांपूर्वीच मिळाला आहे. जकात वसूल करून परतलेल्या एका अधिकाऱ्याने, हा माल तुमचा आणि ही मला मिळालेली भेट, अशी वाटणी केली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारले की, तो आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती काय? बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे. पेढीच्या पैशाने आलेल्या पॉइंटांना हा प्रश्न विचारून पाहावा.

याचा अर्थ प्रवास करणाऱ्याने पॉइंट घेऊच नयेत असा नाही. थंडीत, जागरण करून, परक्या मुलखात माल विकणाऱ्याची मेहनतही काही आहे. मात्र रजामंदी आधी हवी. तीन मार्ग आहेत. एक, पॉइंट पेढीचे धरावेत आणि पुढच्या प्रदर्शनाचे तिकीट त्यांवर काढावे. दोन, पाळीपाळीने प्रत्येक भागीदाराच्या घराला ते द्यावेत. तीन, जो जाईल त्याचे, असे सर्वांनी मान्य करावे. कोणताही मार्ग निवडा, पण तो भागीदारीच्या करारात लिहून ठेवा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराहच्या २८२ व्या आयतीत आहे. घरच्या माणसांतही लिहिलेलेच टिकते. कराच्या दृष्टीने याची नोंद कशी करावी हे आपल्या सीएला विचारावे.

साठवून ठेवू नका

पॉइंट ही विमान कंपनीकडची आपली उधारी आहे, आणि तिला जामीन नाही. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, तेव्हा तिच्या प्रवाशांचे पॉइंट कागदावरच राहिले. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली. तिची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीत असल्याने खाती टिकली, पण जेटचे विमानच राहिले नाही. चालू कंपनीही एका रात्रीत दर वाढवू शकते. काल ५०,००० पॉइंटांत मिळणारी जागा उद्या ७०,००० ची होते आणि आपल्याला कोणी विचारत नाही. काही योजनांत खातेदाराचा इंतकाल झाला की खातेच बंद होते, वारसांना काही मिळत नाही. पॉइंट विकत घेणारे एजंटही भेटतात. पण विक्री कंपन्यांच्या नियमांविरुद्ध असते आणि पकडले गेल्यास तिकीट व खाते दोन्ही रद्द होतात.

म्हणून वाचक बंधूंना आमचे सांगणे इतकेच. या रविवारी घरातील सर्व खाती काढा. कोणत्या खात्यात किती पॉइंट आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते ते एका कागदावर लिहा. पेढीच्या पैशांवर आलेले वेगळे काढून भागीदारांसमोर ठेवा. जे निखळ आपले आहेत, त्यांचा पहिला हक्क घरातील वडीलधाऱ्यांना द्या आणि तेही त्यांचे पाय चालतात तोवर. इन्शाअल्लाह, असा प्रवास सर्वांना सुखाचा होईल.