कच्चा गेम, पक्के ग्राहक : फसलेल्या लाँचनंतरही लोक थांबतात, ते का?



"परफेक्ट होण्याची वाट बघू नका, आधी लाँच करा, मग सुधारा." हा सल्ला तुम्ही शंभर वेळा ऐकला असेल. आपल्या चॅनलवरही ऐकला असेल. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. कच्चा माल बाजारात गेला, लोकांनी पैसे मोजले आणि त्यांच्या हाती अर्धवट वस्तू आली, तर पुढे काय करायचं हे त्यात कोणी सांगत नाही.

हा उरलेला अर्धा सल्ला शिकायला आज आपण एका ऑनलाइन गेमची गोष्ट बघणार आहोत. तुम्ही आयुष्यात कधी गेम खेळला नसेल तरी चालेल. कारण गोष्ट ग्राहकांची आहे.

काय बिघडलं होतं?

जपानमध्ये स्क्वेअर एनिक्स नावाची मोठी गेम कंपनी आहे. 'फायनल फँटसी' ही त्यांची गेमची मालिका १९८७ पासून चालू आहे आणि जगभर तिचे चाहते आहेत. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी या मालिकेतला चौदावा गेम कॉम्प्युटरसाठी आणला. हा गेम ऑनलाइन होता. आधी गेम विकत घ्यायचा, पहिले काही दिवस फुकट खेळायचं आणि मग दर महिन्याला फी भरायची, असा हिशोब.

पहिल्याच आठवड्यात तक्रारींचा पाऊस पडला. साधा मेनू उघडायलाही वेळ लागायचा. डोंगर-दऱ्यांचे तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा जोडून नकाशा तयार केला होता. गेममधल्या बाजारात हवी ती वस्तू शोधायची सोयच नव्हती, एकेका विक्रेत्याकडे जाऊन बघावं लागायचं. आणि ठरावीक तासांपेक्षा जास्त खेळलात तर त्या आठवड्यात मिळणारे गुण कमी कमी होत जायचे. म्हणजे जो ग्राहक सगळ्यात जास्त वेळ देतोय, त्यालाच दंड!

हे झालं कसं? ज्यांनी नंतर हा गेम सावरला त्या नाओकी योशिदा यांनी पुढे तीन कारणं जाहीरपणे सांगितली. पहिलं, टीमला दिसण्याचा अतोनात हव्यास. त्यांनी दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. गेममधली एक साधी फुलांची कुंडी दाखवायला कॉम्प्युटरला जेवढी मेहनत पडायची, साधारण तेवढीच एका अख्ख्या खेळाडूच्या पात्राला पडायची. दुसरं, टीममधल्या बऱ्याच जणांना त्या काळातल्या स्पर्धक गेमचा अनुभवच नव्हता. आणि तिसरं, "राहिलेलं नंतर अपडेटमध्ये करू" ही वृत्ती.

आता ही तीन कारणं आपल्या धंद्याला लावून बघा. बोर्ड, लोगो आणि पॅकिंगवर खर्च करून आतला माल कच्चा राहणं. शेजारच्या दुकानात ग्राहक म्हणून एकदाही न जाणं. आणि "पुढच्या लॉटमध्ये बघू" म्हणणं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

मग लोक निघून का गेले नाहीत?

बरेच गेले. पण काही थांबले, आणि थांबलेलेच सगळ्यात जास्त ओरडत होते. लांबलचक तक्रारी लिहीत होते, चुकांच्या याद्या करत होते.

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये एका पुस्तकात ही गोष्ट फार छान उलगडली आहे. माल बिघडला की ग्राहकापुढे दोन रस्ते असतात. एक, गुपचूप निघून जायचं. दोन, थांबून आवाज उठवायचा. ज्याला त्या दुकानाबद्दल आपलेपणा आहे, तो लगेच निघत नाही. तो आधी भांडतो.

म्हणजे मित्रांनो, भांडणारा ग्राहक हा अजून तुमचा ग्राहक आहे. त्याला अजून आशा आहे. खरी भीती बाळगायची ती न बोलता गेलेल्याची. तो पुन्हा येत नाही आणि का गेला हेही कळत नाही.

पण याचा उलटा अर्थ काढू नका. निष्ठावान ग्राहक म्हणजे काहीही खपवून घेणारा ग्राहक नव्हे. त्या खेळाडूंची निष्ठा आधीच्या गेमनी कमावलेली होती, २०१० च्या गेमने नव्हे. कंपनी जुन्या पुण्याईवर दिवस काढत होती. आणि पुण्याई ही बँकेतल्या शिलकीसारखी असते. काढत राहिलात आणि भरलं काहीच नाही, तर संपते.

कंपनीने काय केलं?

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण पैसे मोजून बसलेल्या ग्राहकापुढे मूठ झाकून काही उपयोग नसतो. त्याने ती आधीच उघडून बघितलेली असते. स्क्वेअर एनिक्सने मूठ उघडली, आणि ती अशी :

१. पैसे घेणं थांबवलं. डिसेंबर २०१० मध्ये कंपनीचे अध्यक्ष योइची वाडा यांनी जाहीर माफी मागितली आणि गेम समाधानकारक होईपर्यंत मासिक फी घेणार नाही असं सांगितलं. फी सुरू झाली थेट जानेवारी २०१२ मध्ये. सुमारे सव्वा वर्ष मासिक उत्पन्न शून्य! दुसऱ्या गेमिंग मशीनवर येणारी आवृत्तीही पुढे ढकलली. म्हणजे दुसरी शाखा उघडण्याआधी पहिली नीट करायची.

२. माणूस बदलला. जुनं नेतृत्व बाजूला करून काम योशिदांकडे दिलं. टीममधल्या लोकांना त्यांनी स्पर्धक गेम खेळायला लावले. समोरचा काय देतोय ते आधी कळू दे, मग आपलं बनवू.

३. बोलणं सुरू केलं, आणि थांबवलं नाही. योशिदा खेळाडूंना नियमित जाहीर पत्रं लिहायला लागले. काय बदलतोय, का बदलतोय, काय इतक्यात जमणार नाही. खेळाडूंची मतं मागवली, आणि त्याप्रमाणे बदल दिसायलाही लागले.

४. जुनं चालू ठेवून नवं बांधलं. हा सगळ्यात अवघड निर्णय. पाया इतका कच्चा होता की डागडुजीने भागणार नव्हतं. म्हणून एकीकडे जुन्या गेममध्ये सुधारणा चालू ठेवल्या आणि दुसरीकडे पूर्ण नवा गेम बांधायला घेतला. ऑक्टोबर २०११ मध्ये ते जाहीर केलं. घर पाडून बांधताना माणसं रस्त्यावर येऊ नयेत, याची काळजी घेतली.

११ नोव्हेंबर २०१२ ला जुना गेम बंद झाला. तोही शटर पाडून गपचूप नाही. कथेतच आकाशातून एक चंद्र कोसळत येतो आणि ते जग संपतं, असा शेवट खेळाडूंनी मिळून अनुभवला. २७ ऑगस्ट २०१३ ला नवा गेम आला, आणि जुन्या खेळाडूंची पात्रं त्यात पुढे आणता आली.

थांबलेल्यांचं मोल

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. जानेवारी २०१२ मध्ये फी सुरू झाली, तेव्हा गेम पूर्ण सुधारलेला नव्हता. तरी काही जण पैसे भरायला तयार होते. कंपनीने सांगितलं, या काळात जे एकूण ९० दिवसांची फी भरतील, त्यांना नव्या गेममध्ये कायमची कमी मासिक फी, त्यांच्यासाठीच बनवलेलं एक खास वाहन, आणि गेमच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव.

नीट बघा. शेवटच्या गोष्टीला कंपनीला जवळपास काहीच खर्च आला नाही. पण ज्याने पडत्या काळात साथ दिली त्याचं नाव बनवणाऱ्यांच्या नावांबरोबर येतं, ही भावना कुठल्याही डिस्काउंट कूपनमध्ये नसते.

आपल्याकडे उलटं होतं. नव्या ग्राहकाला "पहिल्या ऑर्डरवर सूट", आणि पहिल्या दिवसापासून खारट भाजी सहन करून "मावशी, मीठ जरा कमी टाका" असं प्रेमाने सांगणाऱ्याला काहीच नाही.

दुसरी परीक्षा

नवा गेम आला तेव्हा गर्दी एवढी झाली की सर्व्हर तुडुंब भरले. कंपनीला ऑनलाइन विक्री काही काळ थांबवावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा तेच. मोठा नवा भाग आला आणि लोकांना लॉगिन करायला तासन् तास रांगेत थांबावं लागलं. या वेळी कंपनीने खेळाडूंना आधी ७ आणि नंतर आणखी १४ दिवस मोफत दिले, आणि ऐन हंगामात नवी विक्री बंद केली. ती पुन्हा सुरू झाली जानेवारी २०२२ च्या शेवटी.

विचार करा, गल्ल्यावर रांग लागलेली असताना शटर अर्धं खाली ओढायचं! कारण? आत बसलेल्यांना वाढायला हात कमी पडतायत. खेळाडू चिडले नाहीत असं नाही. पण कंपनी आपल्याला फसवत नाहीये हे त्यांना एव्हाना माहीत होतं.

प्रत्येकाला दुसरी संधी मिळत नाही

इंग्लंडमधल्या हॅलो गेम्स या छोट्या कंपनीचा 'नो मॅन्स स्काय' ऑगस्ट २०१६ मध्ये आला. बोलण्यातून लोकांची समजूत झाली होती की यात खेळाडू एकमेकांना भेटू शकतील. प्रत्यक्षात पहिल्याच दिवसांत दोघे जण गेममधल्या एकाच ठिकाणी पोचले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. प्रचंड संताप झाला. कंपनीने बोलणं जवळपास बंद करून काम केलं आणि वर्षानुवर्षं मोठे अपडेट मोफत दिले. एकत्र खेळण्याची पूर्ण सोय जुलै २०१८ मध्ये आली. लोक परत आले, पण त्याला काही वर्षं लागली.

आणि 'अँथम'? बायोवेअर या नावाजलेल्या स्टुडिओचा गेम, फेब्रुवारी २०१९ मध्ये आला, कच्चा निघाला. नव्याने बांधू म्हणाले, छोटी टीम कामाला लागली, आणि दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये ते काम थांबवल्याचं जाहीर झालं. जे "सुधारेल" म्हणून थांबले होते, त्यांच्या हाती काही आलं नाही.

मग आपण काय करायचं?

एक गोष्ट स्पष्ट बोलू. स्क्वेअर एनिक्सकडे दुसऱ्या गेमचा पैसा होता. सव्वा वर्ष फी न घेता ते तगले. तुम्ही-आम्ही दोन महिने तगणार नाही. म्हणून "आधी बिघडवू, मग माफी मागू" हा धडा यातून घेऊ नका. आपल्यासाठी धडा लाँचच्या आधीचा आहे.

समजा, तुम्ही मेस सुरू करताय. महिन्याचे २,४०० रुपये, म्हणजे दिवसाचे ८०. पहिल्याच महिन्यात ४० मेंबर घेतले. डबे उशिरा जायला लागले, पोळ्या कमी पडल्या. आता पाच दिवसांचा खाडा धरून पैसे वजा करायचे तर ४० गुणिले ५ गुणिले ८०, म्हणजे १६,००० रुपये. पहिल्याच महिन्यात हे झेपेल? तेच १५ मेंबरनी सुरुवात केली असती, तर रक्कम ६,००० झाली असती. दुखलं असतं, पण धंदा उभा राहिला असता.

म्हणून हा नियम वहीत लिहून ठेवा : पहिल्या तुकडीत तेवढेच ग्राहक घ्या, ज्यांचे पैसे परत करणं तुम्हाला परवडेल.

त्याच्या जोडीला या चार गोष्टी :

- कमी द्या, पण अर्धवट देऊ नका. दोनच भाज्या, पण वेळेवर आणि पोटभर. यादी लहान असली तर चालते, ताट अपुरं असलं तर चालत नाही.
- जे आज तयार नाही, ते आज विकू नका. "लवकरच येतंय" असं स्वच्छ सांगा. ग्राहकाला थांबायला लागल्याचा राग कमी येतो, फसवल्याचा जास्त.
- बिघडलं तर ग्राहकाने मागायच्या आधी पैसे वजा करा, आणि सुरळीत होईपर्यंत नवीन ऑर्डर थांबवा.
- पडत्या काळात थांबलेल्यांची नावं वेगळ्या पानावर लिहा. सहा महिन्यांनी भाव वाढवाल, तेव्हा त्यांचा जुना भाव तसाच ठेवा.

आता आजचं होमवर्क. गेल्या तीन महिन्यांत तुमच्याशी सगळ्यात जास्त भांडलेला ग्राहक कोण? त्याला आज फोन करा. माल विकायला नाही, फक्त एवढं विचारायला : "तुम्ही सांगितलं होतं ते आम्ही बदललंय. आता बरं वाटतंय का?"

आणि अजून बदललं नसेल, तर आधी बदला. फोन उद्या करा.

भेटू पुढच्या लेखात. धंदा करा, मन लावून करा!