परिचारिका : सेवा, शिक्षण आणि नोंदणी

आमच्या खारी गावात दहावीचा निकाल लागला, की घरोघर एकच चर्चा सुरू होते, “आता पुढे काय?” आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सगळेच ठाऊक असणार, अशी आईवडिलांची भाबडी समजूत! यंदा धाकटी बहीण दहावी झाली आणि “मला नर्स व्हायचंय” म्हणाली. तिने कोणती शाखा घ्यावी, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. त्यासाठी जी माहिती जमवली, ती कला शाखेतील मित्रमैत्रिणींच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट अशी, की पांढरा गणवेश घातला म्हणजे कोणी परिचारिका होत नाही. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून राज्याच्या परिचर्या परिषदेत जिचे नाव नोंदले जाते, तीच नोंदणीकृत परिचारिका. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र परिचर्या परिषद १९६६ च्या कायद्यानुसार करते. देशभरातील शिक्षणाचा दर्जा सारखा राहावा, म्हणून १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. आता २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदाही संमत केला आहे.

शिक्षणाच्या मुख्य वाटा तीन. पहिली ए.एन.एम., दोन वर्षांची. बारावीनंतर मुलींना हिला प्रवेश मिळतो. गावच्या उपकेंद्रात लसीकरण करणाऱ्या, गरोदर बायांची तपासणी करणाऱ्या ताई बहुधा याच शिक्षणाच्या. मात्र यांची नोंद साहाय्यक परिचारिका म्हणून होते. दुसरी वाट जी.एन.एम., म्हणजे तीन वर्षांची पदविका. तिच्यात शेवटचे सहा महिने आंतरवासितेचे असतात. तिसरी बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांची पदवी. या दोन्ही वाटांनी नोंदणीकृत परिचारिका होता येते.

आता शाखेचा प्रश्न. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. शास्त्र विषयांत सर्वसाधारण प्रवर्गाला किमान ४५ टक्के गुण लागतात. शिवाय राज्याची प्रवेश परीक्षा आहेच. जी.एन.एम.ला मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते. इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण असावेत. म्हणजे कला शाखेच्या मुलीला, आणि मुलालाही, हे दार बंद नाही. जी.एन.एम. होऊन नोंदणी झाली, की पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. विज्ञान शाखेची फी व शिकवणी ज्या घराला झेपत नाही, त्या घरासाठी ही गोष्ट केवढी मोलाची आहे!

अमेरिकेतही अशीच एक वाट आहे. तेथे १९५२ पासून कम्युनिटी कॉलेजांतून सुमारे दोन वर्षांचा परिचर्या अभ्यासक्रम सुरू झाला. तो पूर्ण करून परवाना परीक्षा दिली, की नोंदणीकृत परिचारिका होता येते. गरीब घरच्या मुलांना थोडक्या खर्चात व्यवसायात आणणे हे त्याचे वैशिष्ट्य.

अभ्यास सोपा आहे असे मात्र कोणी समजू नये. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, बालआरोग्य, प्रसूतिविद्या हे सारे शिकावे लागते आणि त्याच जोडीला रुग्णालयात प्रत्यक्ष काम असते. औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी प्रत्येक वेळी पडताळायच्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस ठरावीक वेळाने बदलली नाही, तर पाठीला जखमा होतात. केईएम रुग्णालयाच्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत अंथरुणावर होत्या. त्या ४२ वर्षांत तेथील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. सेवा या शब्दाचा अर्थ याहून वेगळा काय सांगावा?

तरीही समाजाची नजर अजून पुरती निवळलेली नाही. “रात्रपाळीची नोकरी, मुलीचं लग्न कसं जमायचं?” असे आमच्या आजीनेही विचारलेच. पण महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विधवांनाही परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले. त्या काळच्या टीकेपुढे आमच्या आजीची शंका ती केवढी!

एक धोक्याची सूचना मात्र द्यायलाच हवी. ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ अशा पाट्या आपल्याला जागोजाग दिसतात. आमच्या शेजारच्या एका मुलीने अशाच एका वर्गाला आईची साठवलेली रक्कम दिली. हाती एक कागद आला, पण त्यावर नोंदणी होत नाही. आज ती एका दवाखान्यात नर्स म्हणवली जाते आणि मदतनिसाचा पगार घेते. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, एवढे प्रत्येकाने पाहावे.

बहिणीने अखेर कला शाखाच घेतली आहे. बारावीनंतर जी.एन.एम. करायचे, असा तिचा निश्चय आहे. इंग्रजी कच्चे राहू नये म्हणून रोज संध्याकाळी मी तिचा अभ्यास घेते. आपल्या गावांतून, वस्त्यांतून अशा कितीतरी मुली असतील. त्यांच्या घरी माहिती सांगणारे कोणी नसते. ते काम आपण कॉलेजात आलेल्यांनी नाही करायचे, तर कोणी करायचे?