उसनी कासवं, जुनं रान

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर, माएबूर गावाजवळच्या धक्क्यावर साळुंक्यांची कचकच चालली आहे. अठराव्या शतकात टोळांचा बंदोबस्त करायला त्यांना भारतातून इथं आणलं. आज गावातला आवाज त्यांचाच. होडी सुटते आणि तो मागं पडतो. समोर इल ओ एग्रेत : जेमतेम 26 हेक्टरांचं, प्रवाळाच्या चुनखडकाचं बुटकं बेट.

वाटेवर शिरताच ऊन तुटतं. खडक दातेरी आहे, माती कुठंतरी मूठभर. त्या भेगांत मुळं रोवून आबनूस उभे आहेत, आपल्या टेंभुर्णीचे भाऊबंद. साल करडी, ज्या काळ्या गाभ्यापायी डचांनी सतराव्या शतकात मॉरिशसची रानं तोडली, तो आत दडलेला. पुढं ऊस आला, वस्ती आली. किनाऱ्यावरचं कोरडं रान उरलं ते अशा तुकड्यांतच.

"बोलू नका," वाटाड्या हात वर करतो. डोक्यावरच्या फांदीवर गुलाबी कबूतर बसलंय. डोकं आणि छाती फिकट गुलाबी, पंख तपकिरी, शेपूट तांबूस. पायांत रंगीत कडी; कडी पाहून पक्षी ओळखायचा. 1990च्या सुमारास रानात अशी जेमतेम दहा कबुतरं उरली होती. पिंजऱ्यात वाढवून, रानात सोडून, दाणापाणी पुरवून ती आता काही शेकड्यांवर आली आहेत. हे मात्र आमच्याकडं बघतही नाही; पंख पसरून ऊन खात बसतं.

झुडपात लाल डोक्याचा एक चिमणीएवढा पक्षी दिसतो. तो मॉरिशस फोडी, सुगरणीच्या कुळातला. वाळल्या पाचोळ्यात काहीतरी सळसळतं. सापसुरळीच, पण हातभर लांब. राउंड आयलंडवरून आणून सोडलेली.

पुढं वाट अडलेली. मधोमध एक महाकाय कासव पानं ओरबाडतंय. ते इथलं नव्हे, सेशेल्समधल्या अल्दाब्राचं. मॉरिशसची स्वतःची दोन जातींची कासवं माणसांनी खाऊन संपवली. आबनुसाची फळं खोडाला आणि जाड फांद्यांना लागतात, झाडाखालीच पडतात. ती गिळून बी लांब नेणारं कोणी उरलं नाही. म्हणून 2000 साली ही उसनी कासवं आणली. वाटाड्या काडीनं वाळकी लीद उकरतो. आत आबनुसाच्या बिया. कासवाच्या पोटातून आलेलं बी जास्त चांगलं रुजतं, हे अभ्यासकांनी इथंच तपासून पाहिलंय.

बोलता बोलता तो वाकतो आणि हातभर रोप मुळासकट उपटतो. पानं माझ्या ओळखीची आहेत. सुबाभूळ! आपण बांधावर शेळ्यांसाठी लावतो ती. इथं ती मोकळी सोडली तर आबनुसाला जागा ठेवत नाही.

"उंदीर संपवले, मांजरं संपवली. हे संपत नाही," तो मुळांवरची माती झटकत म्हणतो.

"पण कासवं खातात ना हे?" आमच्यातलं कोणीतरी विचारतं.

"खातात की," तो पुढच्या रोपाकडं वळत म्हणतो, "पण कासवाच्या चालीनं!"