अठराव्या शतकातील कंचुकी कशी बेतावी?

आपली चोळी अंगावर बेततात. अंग जसे असेल तशी ती होते. अठराव्या शतकात इंग्लंड-फ्रान्समधील स्त्रिया झग्याखाली जी ताठ कंचुकी घालीत, तिची रीत नेमकी उलट. अंगाला आकार देणे हेच तिचे काम. इंग्रज तिला ‘स्टेज’ म्हणत. रंगभूमीशी या नावाचा काही संबंध नाही.

समजा, छाती ३४ इंच व कंबर २८ इंच आहे. पाठीवर, जेथे दोरीने ती आवळावयाची, तेथे दोन इंचांची फट राखावी. उरले ३२ आणि २६. कागदावर अर्धेच अंग आखावयाचे, म्हणून छातीची रेषा १६ इंच, कमरेची १३. या दोहोंतील तीन इंचांचे काय करावयाचे, येथेच सारी मेख आहे. आजचा शिंपी छातीखाली टक्स घालील. तसे केले की सारे बिघडले. समोरची कड सरळच ठेवून ते तीन इंच बगलेच्या व पाठीच्या तिरप्या शिवणींत वाटून द्यावेत. म्हणजे धड नरसाळ्यासारखे, वर रुंद व खाली निमुळते होते.

समोरचे टोक कमरेखाली उतरते. बाजूंना मात्र कमरेच्या रेषेपर्यंत चिरा देऊन पाकळ्या कराव्या, म्हणजे त्या नितंबांवर पसरतात. चीर आखूड राहिली तर कड कुशीत रुतते.

जाड तागाच्या दोन थरांमध्ये अरुंद नळ्या शिवून त्यांत देवमाशाच्या जबड्यातील लवचीक पट्ट्या भरीत. तिला हाड म्हणत असले तरी ते हाड नव्हे. समोरच्या नळ्या उभ्या, बाजूच्या तिरप्या. हे थर आतील जागा खातात. यास्तव स्वस्त कापडाचा नमुना करून पाहाल, तेव्हा त्यातही काड्या घालाव्या, असे आम्ही आग्रहाने सांगू.

ही कंचुकी स्त्रियांचा जीव गुदमरवीत असे, हा समज आम्हांस अतिरंजित वाटतो. कष्टकरी स्त्रियाही ती घालीत. दोरीची भोके केवळ दोऱ्याने काठलेली असत. फार ओढले तर ती फाटत. धातूची कडी १८२८ च्या सुमारास आली, तेव्हा कुठे कंबर हवी तितकी आवळणे शक्य झाले.

त्या काळच्या शिंप्यांजवळ इंचांची फीत नव्हती. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी ते कागदाची एक लांब पट्टी घेत आणि मापाच्या जागी तिला खाचा पाडीत.